खेळाडूचे वेतन आणि घरचा चरितार्थ

(ज्ञातिमंडळाच्या नेरळ येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेल्या श्रावणात आपल्या ज्ञातीतील एक गृहस्थ सायंकाळच्या कर्जत लोकलने उतरून थेट आमच्या घरी आले. छत्री मिटण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतून एक करारपत्र काढून आमच्यापुढे ठेवले. त्यांचा मुलगा वीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा. मोबाइलवरील युद्धाच्या खेळात त्याने नाव काढलेले. एका संघाने त्यास दरमहा तीस हजार रुपये वेतन, राहण्याजेवण्याची सोय आणि बक्षिसांत वाटा देऊ केला होता. अट एवढीच, की संघाच्या निवासात राहून त्याने पूर्ण वेळ खेळावे. म्हणजे महाविद्यालय सोडावे. "या पगारावर उद्या त्याचा संसार होईल काय, एवढेच सांगा," असे ते म्हणाले. त्या रात्री आम्हांस उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले, विचारले आणि मुलांकडून शिकलो, ते आपणांपुढे मांडण्याची कार्यकारिणीची आज्ञा आहे. कारण शिक्षणनिधीतून अशा मुलांस साहाय्य द्यावे की नाही, हा प्रश्नही तिच्यापुढे आला आहे.

आपल्यांतील वडीलधारी मंडळी हा विषय निघताच हसतात. त्यांस आमची विनंती आहे, की हसू नये. खेळाच्या बळावर घर चालविणारी माणसे महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली आहेत. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. मुंबईत टाइम्स ढालीच्या सामन्यांसाठी मोठमोठ्या कचेऱ्या क्रिकेटपटूंस नोकरीवर घेत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. रेल्वेने आणि पोलीस खात्याने किती कबड्डीपटूंची घरे उभी केली, हे या तालुक्यात सांगावयास नको. पण येथे एक भेद आहे आणि तो फार मोठा आहे. त्या खेळाडूंचे वेतन कचेरीचे होते. गुडघा निकामी झाला, नजर मंदावली, तरी खुर्ची कायम राही आणि पुढे निवृत्तिवेतनही मिळे. खेळामुळे नोकरी लागे. खेळ सुटला म्हणून ती जात नसे.

व्हिडिओ गेमच्या संघाचे वेतन या जातीचे नव्हे. त्याचे नाते शोधावयाचे तर आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांकडे पाहावे लागते. मंडळीचे बिऱ्हाड असे, एका पंगतीत जेवण असे, नटाला महिना ठरलेला असे आणि तालीम सकाळसंध्याकाळ. आजच्या संघाचे निवासही असेच असते: पाचसहा मुले, एक शिक्षक, एक व्यवस्थापक, स्वयंपाकाची सोय, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सराव. वेतन येते ते मुख्यतः पुरस्कर्त्या कंपन्यांच्या जाहिरातींतून. बक्षिसांचा भरवसा कोणी धरीत नाही. जाहिरातदार मागे सरला, की पहिली कात्री वेतनास लागते. नाटक मंडळ्यांचेही असेच झाले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला, प्रेक्षक तिकडे वळला आणि थोड्याच वर्षांत नामांकित मंडळ्यांची बिऱ्हाडे उठली. त्यांतील नट अभिनय विसरले नव्हते. त्यांचे वेतन देणारा मात्र उरला नव्हता.

याहूनही एक नाजूक गोष्ट आहे. हुतुतूला मालक नाही. उद्या कोणी म्हणाले, की हुतुतू बंद, तर नेरळच्या मैदानावर कोणी ऐकणार नाही. परंतु व्हिडिओ गेम ही एका कंपनीची मालमत्ता असते. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ ॲप्लिकेशनांवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाइल' होता. एका दिवसात शेकडो मुलांचे कौशल्य निरुपयोगी झाले. २ जुलै २०२१ रोजी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने तसाच खेळ परत आला. जुलै २०२२ मध्ये तोही काढला गेला. मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर'वर बंदी आली. या बंद्यांच्या योग्यायोग्यतेत आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न बापाचा आहे: तीन वर्षांत दोनदा ज्या धंद्याचे दुकानच बंद झाले, तेथील पगार किती महिन्यांचा धरावा?

आमच्या नात्यातील एका मुलाने अशा एका संघात आठ महिने काढले. पहिले पाच महिने वेतन तारखेस आले. पुढील तीन महिन्यांचे अद्याप यावयाचे आहे. संघ मोडला, निवासाचे भाडे थकले आणि मुलगा एका रात्री गादी गुंडाळून घरी आला. त्याने आम्हांस सांगितले, "काका, खेळ खोटा नव्हता, कागद कच्चा होता." करारात वेतन थकल्यास काय करावयाचे, याविषयी एक अक्षर नव्हते.

परदेशांत तरी हे स्थिर आहे काय, असे कोणी विचारील. दक्षिण कोरियात दूरसंचार कंपन्यांनी संघ बाळगले आणि खेळाडूंस खरोखरीच उत्तम वेतन दिले. अमेरिकेत 'लीग ऑफ लेजेंड्स'च्या मुख्य साखळीत २०१८ पासून खेळाडूस वर्षाला किमान ७५,००० डॉलर द्यावेत, असा नियम झाला. हे वाचून आमचेही डोळे दिपले. पण मे २०२३ मध्ये त्याच साखळीतील संघांस दुय्यम संघ बाळगण्याच्या बंधनातून मोकळे करण्यात आले, बहुतेकांनी ते मोडले आणि मुख्य संघांतील खेळाडूंना संपाचे हत्यार उपसावे लागले; हंगाम दोन आठवडे लांबला. शिडीची वरची पायरी सोन्याची आणि खालच्या काढून घेतलेल्या, अशी ती स्थिती. बक्षिसांचे तर विचारूच नका: 'डोटा २'च्या जागतिक स्पर्धेत २०२१ साली एकूण चार कोटी डॉलर होते, दोनच वर्षांनी ते सुमारे बत्तीस लाखांवर आले.

तरीही या मार्गाने ज्यांचे उत्तम चालले आहे, अशी माणसे आपल्या मुंबईतच आहेत. नमन माथुर हे नाव घरातील कोणत्याही मुलास विचारा. ते खेळाडू म्हणून पुढे आले, पण पुढे 'एस-एट-यूएल' या संस्थेच्या संस्थापकांत गेले. आणि त्या संस्थेस २०२२ व २०२३ मध्ये जो आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला, तो प्रेक्षकांसाठी केलेल्या दृक्‌श्राव्य निर्मितीचा होता. 'गॉडलाइक' संघाचे चेतन चांदगुडे हेही खेळता खेळता मालक झाले. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली, त्यातलाच हा प्रकार. (मालक झाल्यावर बालगंधर्वांस कर्जाने कसे ग्रासले, हेही आपण जाणताच.) तात्पर्य हे, की मोठी प्राप्ती ज्यांची झाली, त्यांची ती निव्वळ संघाच्या पगारावर झालेली नाही. यूट्यूबवरील स्वतःची वाहिनी, जाहिराती आणि मालकीचा हिस्सा यांवर ती उभी आहे.

कायद्याची बाजू मात्र पूर्वीपेक्षा बरी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढून मान्यता दिली. आपल्या घरांत या दोहोंची फार गल्लत होते. जुगार आणि हा खेळ एक नव्हेत, हे आमच्या भगिनींनी विशेष ध्यानी घ्यावे. जुगारी खेळांच्या जाहिरातीही त्या कायद्याने बंद केल्या.

आता त्या गृहस्थांस आम्ही काय सांगितले, ते ऐका. माथेरानचा घोडेवाला चार महिन्यांच्या पावसाची बेगमी उन्हाळ्यात करतो. तो हंगामाच्या कमाईस बारमाही समजत नाही. तीस हजारांचे वेतन तसे धरावे. एकट्या मुलास, राहणेजेवणे फुकट असता, ते पुरेल आणि त्यातून शिल्लकही पडेल. परंतु भाडे, बायको, मुले आणि म्हातारे आईबाप यांचा भार त्यावर टाकू नये. महाविद्यालयातून नाव काढू नये. एका वर्षाची रजा मागावी. करारात चार गोष्टी स्पष्ट मागाव्यात: वेतन थकल्यास करार आपोआप सुटेल, बक्षिसाचा वाटा किती दिवसांत हाती येईल, दुसऱ्या संघात जावयाचे झाल्यास किती द्रव्य मागितले जाईल आणि मुलाने उभारलेली यूट्यूब वाहिनी कोणाची राहील. शिक्षणनिधीविषयी आमचे मत असे, की महागडा फोन घेण्यासाठी त्यातून एक पैही देऊ नये. पण वर्षभराने जो मुलगा परत शिकावयास येईल, त्याची फी मात्र विनातक्रार भरावी. कार्यकारिणीत यावर मतभेद आहेत आणि ते असावेत.

मुलाने हे सर्व शांतपणे ऐकले. वडिलांपेक्षा त्यालाच अधिक समजले, असे आम्हांस वाटले. तीन कलमे संघाने मान्य केली आहेत. वाहिनीच्या कलमाचे उत्तर अजून आलेले नाही आणि ते येईपर्यंत सही करावयाची नाही, असे बापलेकांचे ठरले आहे.