कापसाची धूळ आणि आजाराचे आकडे
(चोपडा येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सूतगिरणीतला साधा कामगार. आज आपल्याच घरातल्या खोकल्याविषयी बोलणार आहे. आपल्याकडे कापसावर पोट असलेली घरे पुष्कळ.

काही वर्षांपूर्वी मी होतो त्या गिरणीत छातीची तपासणी झाली. त्या दिवशी हजर असलेल्यांचे एक्स-रे काढले आणि सांगितले, धुळीचा आजार कोणालाच नाही, दम लागतो तो बिडीमुळे. आम्ही माना डोलावल्या. मीसुद्धा.

पुढे वाचत गेलो तेव्हा डोळे उघडले. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तो सरकारला कळवायच्या आजारांत घातला होता. एक्स-रेत त्याची खास खूण दिसतच नाही! साप्ताहिक सुटीनंतर कामावर गेले की पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची ओळख. म्हणून त्या दिवशी पाळीच्या आधी आणि पाळी सुटल्यावर नळीत फुंकायला लावून श्वास मोजतात. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी १९५० नंतरच्या काळात लक्षणांवरून या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसचा अभ्यासही १९९५ साली छापून आला. म्हणजे हा आजार काही साहेबांच्या देशातच राहिलेला नाही.

आता बिडी. बिडी वाईटच, धुळीच्या जोडीला तर फारच वाईट. पण दोष कोणाचा हे ठरवायचे कसे? ब्लो-रूम आणि कार्डिंगला धूळ सर्वांत जास्त. तिथले बिडी न ओढणारे घ्या, आणि ऑफिसातले बिडी न ओढणारे घ्या. दर शंभरात किती जणांना दम लागतो ते शेजारी-शेजारी मांडा. मग दोन्हीकडच्या बिडीवाल्यांचे तसेच मांडा. ही मांडणी आम्हाला कोणी दाखवलीच नाही.

आणि त्या दिवशी हजर कोण होते? माझे थोरले भाऊ कार्डिंगला होते. बिडीला कधी शिवले नाहीत. जिना चढवेना म्हणून तपासणीच्या आधीच काम सोडून घरी बसले. ज्यांची छाती शाबूत तेच कामावर टिकले, आणि मोजले त्यांनाच. मग आजार सापडणार कुठून?

म्हणून आम्ही काही जणांनी वही केली आहे. काम सोडलेल्यांचीही नावे त्यात घ्यायची आहेत: खाते कोणते, वर्षे किती, बिडी ओढत होते की नाही, छाती कोणत्या दिवशी आवळायची. रविवारी घरोघर येऊ. आजोबा खाटेवर असतील तर त्यांनाही विचारून ठेवा. पहिले नाव भाऊंचे लिहिले आहे.