शालेय पोषण आहार आणि घरी राहिलेले धाकटे मूल

(संस्थेच्या वार्षिक सभेत बालरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षभरात अनेक देणगीदारांनी आमच्याकडे एकच पृच्छा केली. वाढदिवस अथवा पुण्यतिथीच्या निमित्ताने एखाद्या शाळेतील मुलांना गोड जेवण द्यावयाचे आहे, रुग्णालयाने त्याची व्यवस्था करावी. काही विश्वस्तांनी याहून पुढे जाऊन, परिसरातील शाळांचे अन्न रुग्णालयाच्याच स्वयंपाकघरात शिजवावे, असे सुचविले. दोन्ही सूचनांमागील सद्भावना आम्ही जाणतो. तथापि आमचे मत वेगळे आहे आणि ते आज मोकळेपणाने मांडण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम योजनेविषयी थोडेसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने ही योजना सुरू केली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांना शिजवलेले अन्न मिळत नसे. ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास दरमहा तीन किलो धान्य मिळे. ते घरी जाई आणि घरच्या धान्यात मिसळून जाई. तमिळनाडूत मात्र शाळेत जेवण देण्याची परंपरा कामराजांच्या काळापासूनची. पुढे पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला, की प्रत्येक प्राथमिक शाळेत वर्षातून किमान २०० दिवस शिजवलेले अन्न द्यावे. २००६ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलासाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले. २०२१ मध्ये योजनेचे नाव बदलले, पण आपल्याकडे शिक्षक आजही ‘शालेय पोषण आहार’ म्हणतात आणि लेकरे नुसतेच ‘खिचडी’.

आता हिशेब पाहू. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. त्यातील तांदूळ सुमारे ३५० उष्मांक आणि सात ग्रॅम प्रथिने देतो. उरलेली पाच ग्रॅम प्रथिने बहुतांशी त्या मूठभर डाळीतून येतात. डाळ निम्मी पडली तर उष्मांक जेमतेम सात-आठ टक्क्यांनी घटतात, प्रथिने मात्र पाचव्या हिश्शाने. ताट भरलेलेच दिसते, म्हणून ही उणीव कोणाच्या नजरेस येत नाही. आपला जिल्हा धानाचा. भात आमच्या मुलांच्या घरीही असतोच. पोट भरते, अंग भरत नाही. तांदूळ शासनाच्या गोदामातून येतो, त्याची ददात सहसा पडत नाही. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी प्राथमिक शाळेतील एका मुलामागे १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे असा दर ठरला. बाजारभावाशी त्याची तुलना आपण स्वतःच करावी. ही रक्कम हाती पडण्यास उशीर झाला की मुख्याध्यापक गावातल्या किराणा दुकानात उधारी करतात, आणि उधारीत सर्वप्रथम पातळ होते ते वरण.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या योजनेत आलेल्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व ब-१२ असलेले दाणे शंभरात एक या प्रमाणात मिसळलेले असत. जन्मभर धान हाताळलेल्या आमच्या स्वयंपाकी भगिनींना तो दाणा लगेच ओळखू येई. मग तो ‘प्लास्टिकचा’ समजून सुपातून वेचून फेकला जाई. त्यांना दोष कसा द्यावा? निवडणे हेच तर त्यांचे कौशल्य. आमच्या परिचारिका शाळेत जाऊन तो दाणा शिजवून, स्वतः खाऊन दाखवीत, तेव्हा कोठे विश्वास बसे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लाखांदूर तालुक्यातील एका खेड्यातून ऐन रोवणीच्या हंगामात अडीच वर्षांची एक मुलगी न्यूमोनिया होऊन आपल्याकडे दाखल झाली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी, म्हणजे तीव्र कुपोषण. औषधोपचाराने ती बरी झाली, वजनही वाढले. सहा आठवड्यांनी तीच मुलगी पुन्हा त्याच खाटेवर आली. आम्ही आईला विचारले, घरी काय खाते? आई सकाळी आठला बांधीवर जाई, ती सायंकाळी परते. दिवसभर मूल आजीजवळ. उत्तर आईऐवजी तिसरीतल्या भावाने दिले. तो रोज शाळेतील खिचडीतली अर्धी डब्यात लपवून घरी आणीत असे, बहिणीसाठी. म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनांचे ते ताट दोन मुलांत वाटले जात होते आणि दोघेही उपाशी राहत होते. आहार शाळेतच खाल्ला पाहिजे असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्या मुलास रागावण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणासही झाले नाही.

या वयाच्या बालकांसाठी शासनाची योजना नाही असे नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बाल विकास सेवा योजना आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. तीन वर्षांखालील बालकांना मात्र घरपोच आहाराची पाकिटे मिळतात आणि ती घरातील सर्वांच्या मुखी लागतात. शिवाय या वयाच्या मुलास पाकीट नव्हे, दिवसातून चार-पाच वेळा भरविणारा हात लागतो. रोवणीच्या दिवसांत, जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तो हात चिखलात असतो. त्याच मजुरीवर घराचे पुढचे महिने निघतात. आईने घरी राहावे, हा सल्ला आम्ही पूर्वी देत असू. आता देत नाही.

आमच्या हातूनही चूक झाली आहे. काही वर्षांपूर्वी देणगीच्या पैशांतून आम्ही प्रथिनयुक्त पावडरीचे डबे वाटले होते. छायाचित्रे उत्तम आली, वजने वाढली नाहीत. डबा संपला की सारे पूर्ववत.

म्हणून आमचे म्हणणे असे. रुग्णालयाने शाळांचा स्वयंपाक हाती घेऊ नये. गावची चूल गावातच राहावी. तेथे शिजविणाऱ्या बहुधा गावातल्याच गरीब स्त्रिया असतात. केंद्र शासनाने २००९ मध्ये त्यांचे मानधन दरमहा १००० रुपये ठरविले, तेही वर्षातील दहाच महिने. राज्याने पुढे त्यात भर घातली. ते तुटपुंजे उत्पन्न आपण हिरावून घेऊ नये. गोड जेवणाऐवजी देणगीदारांनी अंडी द्यावीत. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला आणि ती जबाबदारी लोकसहभागावर आली. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना फुटाणे-शेंगदाणे द्यावेत. केळे चांगलेच, पण ते अंड्याची जागा घेत नाही.

आणि उर्वरित देणगीतून, रोवणीच्या सहा-सात आठवड्यांपुरती तीन गावांत पाळणाघरे चालवावीत. शेजारच्या छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ‘फुलवारी’ नावाने अशी पाळणाघरे चालविते, ही कल्पना तेथूनच घेतली आहे. सहा महिने ते तीन वर्षांची बालके, गावातल्याच दोन स्त्रिया, तेल घातलेली मऊ खिचडी, उकडलेले अंडे, आणि दर आठवड्यास वजन. जागा अंगणवाडीजवळच असावी, म्हणजे नोंदी एकाच वहीत राहतील.

तिन्ही गावे अद्याप निश्चित केलेली नाहीत. लाखांदूर आणि पवनी तालुक्यांतील अंगणवाडी सेविकांशी आमचे बोलणे सुरू आहे. मृगात परे टाकले जातात. त्याआधी सेविकांच्या होकारासह गावांची नावे आणि खर्चाचा अंदाज विश्वस्त मंडळापुढे ठेवू. ज्या देणगीदारांनी गोड जेवणासाठी रक्कम जमा केली आहे, त्यांची संमती घेतल्याशिवाय ती अन्यत्र वळविली जाणार नाही. संमतीपत्रे सभागृहाबाहेरील टेबलावर ठेवली आहेत.