मोहाची भट्टी, द्राक्षाची वायनरी

महामार्गाने साकोलीहून देवरीकडे निघालात की वाटेत कोहमारा लागतं. इथून एक फाटा गोरेगाव-गोंदियाकडे जातो, दुसरा नवेगावबांधच्या जंगलाकडे. उन्हाळ्यात या रानात टेंभरं आणि चारं पिकतात, मृगाच्या तोंडावर जांभळं. युरोपातल्या खेड्यांत अशी रानफळं साखर घालून दारूत मुरवतात आणि थंडीभर पुरवतात. आपल्याकडे तसं झालं नाही. जांभूळ दोन दिवसांत नासतं, आणि तोवर पोरांच्या जिभा जांभळ्या करून ते संपलेलंही असतं. मोहफूल मात्र वाळवलं की वर्षभर टिकतं. म्हणून इथलं रानचं पेय फळाचं नाही, फुलाचं.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो, तोही पहाटे. बायाबापड्या उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. अस्वलालाही हीच फुलं आणि हीच वेळ आवडते, त्यामुळे दर हंगामात कुणी ना कुणी जखमी होतं. पूर्वी फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवत, त्यातून वणवे लागत. आता काही गावांत झाडाखाली जाळी बांधतात. फूलही स्वच्छ मिळतं.

अंगणात वाळलं की पिवळट फूल मनुकेसारखं तांबूस, चिकट होतं. त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखरच असते. ते मडक्यात भिजवलं की हवेतलं आणि फुलावरचं किण्व कामाला लागतं. बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो, चार-सहा दिवसांनी बुडबुडे थांबतात. मग मडकं चुलीवर. वरच्या भांड्यात गार पाणी. वाफ त्याच्या बुडाला लागून थेंब होते आणि आतल्या भांड्यात पडते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. जितक्या वेळा पाणी बदलाल तितका माल वाढतो आणि कस उतरतो. जाणकार म्हणूनच पहिल्या धारेची मागतो. इथं फूल आणि पाणी, एवढंच लागतं. काळा गूळ नि नवसागर घालून गाळतात ती दारू वेगळी. तिला मोहाची म्हणणं हा मोहाचा अपमान आहे.

सरकारची या फुलाशी भांडणं जुनी आहेत. 1892 साली मुंबई इलाख्यात मोहफुलांसाठी खास कायदा झाला, कारण घरची भट्टी म्हणजे अबकारी महसुलाला गळती. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. 2021 मध्ये राज्याने फुलं गोळा करण्यावरचे, बाळगण्यावरचे निर्बंध उठवले. गाळायला मात्र परवाना लागतोच. आता दुसरं चित्र बघा. 2001 मध्ये याच राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वाइनला शुल्कात सवलत दिली, आणि नाशिकला पर्यटक वायनऱ्या बघायला जाऊ लागले. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा दिला. आपल्या मोहाच्या वाट्याला अजून धाडच येते.

शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती बायांनी लढून मिळवली, हे मी विसरलेलो नाही. नवऱ्याची मजुरी भट्टीवर जाते तेव्हा वारशाची भाषा त्यांना पोकळच वाटणार. म्हणून मला गल्लोगल्ली भट्ट्या नकोत. ग्रामसभेच्या हाती परवाना असावा, माल तपासलेला असावा, आणि विक्री गावाबाहेर, चांगल्या भावाने व्हावी. आज फूल किलोच्या मातीमोल भावाने व्यापाऱ्याकडे जातं, नफा पुढचे खातात.

तोवर घरी मोहफुलांची राब, म्हणजे घट्ट पाक, करा, तिला परवाना लागत नाही. फुलातले केसर काढा, नाहीतर कडवटपणा उतरतो. दोन-तीन पाण्यांत धुवा, रेती फार असते. उकळा, फडक्यातून पिळा आणि तो रस मंद आचेवर आटवा. थेंब ताटलीत टाकला आणि पसरला नाही, की उतरवा.