चौथे दान : कर्करोगग्रस्त बालकांच्या कुटुंबांना निवारा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त महाबळेश्वर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



धर्मादाय संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात, तेव्हा झालेल्या कार्याचे समाधान असते आणि पुढील पन्नास वर्षे कोणत्या कामी लावावयाची हे ठरविण्याची जबाबदारीही असते. अशा मंगल प्रसंगी आजारी मुलांचा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात येणे शक्य आहे. परंतु ज्या दुःखावर उपाय आहे, आणि तो उपाय केवळ एका खोलीवाचून अडतो, त्या दुःखाची चर्चा मंगल प्रसंगीच व्हावयास हवी.

महाबळेश्वरच्या माणसाला खोलीचे मोल सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या हंगामात एका रात्रीच्या निवाऱ्यासाठी प्रवासी काय द्यावयास तयार होतात, हे येथील व्यावसायिक पुरेपूर जाणतात. येथे येणारा प्रवासी विश्रांतीसाठी खोली शोधतो. येथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात, खोली शोधणारा माणूस निराळा असतो. त्याच्या खांद्यावर मूल असते, हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी असते, आणि डॉक्टरांनी त्याला सांगितलेले असते की मूल बरे होण्यासारखे आहे. मात्र काही महिने रुग्णालयाच्या जवळ राहावे लागेल.

‘मूल बरे होण्यासारखे आहे’ हे शब्द केवळ धीर देण्यासाठी उच्चारलेले नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुले व किशोर कर्करोगाने आजारी पडतात. संपन्न देशांत त्यांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब देशांत तीसही होत नाहीत. रोग तोच आणि औषधेही बहुतांशी तीच असतात. फरक पडतो तो निदान उशिरा होण्याने, औषध न मिळण्याने आणि उपचार अर्धवट सुटण्याने. म्हणूनच या संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगविषयक जागतिक उपक्रम हाती घेतला आणि २०३० पर्यंत जगातील किमान साठ टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले.

उपचार अर्धवट का सुटतात, हे नीट समजून घेतले पाहिजे. लहान मुलांत सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्याच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्यांतील पहिले काही महिने अत्यंत कडक असतात. या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की एरवी क्षुल्लक वाटणारा संसर्गही मुलाच्या जिवावर बेतू शकतो. ताप आला तर सकाळपर्यंत वाट पाहता येत नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. असे मूल पदपथावर, पुलाखाली किंवा दाटीच्या खोलीत कसे ठेवावे? स्वच्छ जागा, शुद्ध पाणी, ताजे अन्न आणि रुग्णालयाची जवळीक हा उपचाराचाच भाग असतो.

जावळीच्या खोऱ्यातील, जतच्या माळावरील किंवा शिवसागर जलाशयाकाठच्या तापोळा परिसरातील एखाद्या कुटुंबाचा विचार करावा. बाप रोजंदारीवर जाणारा असेल तर मुंबईला गेल्या दिवसापासून मजुरी बंद होते. घरी दुसरे मूल आजीपाशी राहते आणि त्याची शाळा सुटू लागते. प्रथम दागिने जातात, मग जनावरे, मग जमिनीचा तुकडा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांनी उपचाराच्या खर्चाचा मोठा भार हलका केला आहे. रेल्वेही कर्करोगग्रस्ताला शयनयान वर्गात भाड्याची पूर्ण सवलत देते. परंतु मुक्काम, जेवण, बुडालेली मजुरी आणि परक्या शहरातील एकाकीपणा यांचे ओझे कुटुंबावरच राहते. पुढे मुलाला थोडे बरे वाटू लागले की बाप म्हणतो, ‘आता घरी जाऊ.’ बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर त्याला माहीत नसते. माहीत असले तरी परवडत नाही. रोग उलटून येतो तो अशाच वेळी.

या ठिकाणी जैन समाजाने आपल्या शास्त्राकडे पाहावे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्याचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, उपकरण आणि आवास. रूढ बोलण्यात आपण आहारदान, औषधदान, शास्त्रदान व अभयदान असे म्हणतो. समंतभद्रांनी मात्र चौथ्या स्थानी आवासाला, म्हणजे राहण्याच्या जागेला, ठेवले आहे. हे विवेचन मुख्यतः साधूंच्या सेवेविषयी आहे, हे खरे. तथापि आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात दानाचे जे चार भेद केले, त्यांत पात्रदत्तीबरोबर दयादत्तीही आहे. भयभीत, दुःखी जीवाला निर्भय करणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. वैयावृत्याला तर दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरा अभ्यंतर तपात गणतात.

आवासदानाचा दृष्टांत म्हणून समंतभद्रांनी एका रानडुकराचे नाव घेतले आहे. कथा अशी, की माळव्यातील एका गावी देविल नावाचा कुंभार आणि त्याचा सोबती धर्मिल या दोघांनी मिळून वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली. देविलाने तेथे एका मुनींना उतरविले. धर्मिलाने त्यांना बाहेर काढून आपल्या पसंतीच्या संन्याशाला जागा दिली. मुनींनी ती रात्र झाडाखाली थंडी व डास सोशीत काढली. यावरून दोघांचे वैर पेटले, दोघे मेले, आणि पुढील जन्मी एक डुक्कर व दुसरा वाघ झाला. गुहेत बसलेल्या मुनींवर वाघ चालून आला तेव्हा त्या डुकराने गुहेच्या तोंडाशी उभे राहून झुंज दिली. त्या झुंजीत दोघेही मेले. डुकराला स्वर्ग मिळाला आणि वाघाला नरक. धर्मशाळा दोघांनी मिळून बांधली होती. फरक पडला तो दार कोणासाठी उघडले आणि कोणासाठी बंद केले यामुळे. ज्या ज्या संस्थेपाशी धर्मशाळा आहे, तिच्या विश्वस्तांनी ही कथा वर्षातून एकदा तरी वाचावी.

आजाऱ्याला आसरा देण्याची परंपरा या डोंगरावर नवी नाही. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीस क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर औषध नव्हते त्या काळात विश्रांती, सकस आहार आणि शुद्ध हवा हाच उपचार होता, म्हणून रुग्ण डोंगरावर येत. कर्करोगग्रस्त बालकाची गोष्ट उलट आहे. त्याला डोंगराच्या हवेपेक्षा रुग्णालयाजवळची जागा अधिक मोलाची. म्हणून येथील दात्यांनी बालरुग्णांसाठी निवारा द्यावयाचा, तर तो परळला, पुण्याला, मिरजेला, बार्शीला, जेथे उपचार होतात तेथे द्यावा. संस्थेचे नाव महाबळेश्वरचे आणि खोली परळची, यात काही विसंगती नाही. कृष्णा येथे उगम पावते. तिच्या पाण्यावर शेती पिकते ती वाई, कराड, सांगलीची.

परळमध्ये या कार्याच्या उत्तम वाटा घालून दिलेल्या आहेत. सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून देशभरचे रुग्ण तेथे येत आहेत. १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांच्या सेवेत आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगग्रस्तांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. १९८३ मध्ये हरखचंद सावला यांनी सुरू केलेला जीवनज्योत ट्रस्ट रुग्णांना व सोबत्यांना अन्न आणि औषधे पुरवितो. २००६ मध्ये निहाल कविरत्ने व त्यांच्या पत्नी श्यामा यांनी केवळ कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था स्थापिली. तेथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा मिळते, सामायिक स्वयंपाकघरात आपला ओटा मिळतो, शिधा मिळतो, आणि आई स्वतःच्या हाताने रांधते. आयते ताट देण्यापेक्षा शिधा देण्यात माणसाचा मान अधिक राखला जातो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

अशा आधाराने काय साधते, याचा पुरावाही आहे. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ मध्ये शंभरातील सुमारे वीस मुलांचे उपचार नाकारले जात किंवा अर्ध्यावर सुटत. निवास, अन्न, पैसा, समुपदेशन यांची जोड देऊन आणि प्रत्येक मुलाचा नियमित पाठपुरावा करून हे प्रमाण २०१६ पर्यंत पाचांच्याही खाली आले. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही. माणसे माणसांच्या मागे उभी राहिली.

ही कल्पना सातारा-सांगलीला परकी नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओळखले होते की खेड्यातील मुलगा बुद्धीने कमी नसतो. त्याला शहरात राहावयास जागा आणि दोन वेळचे अन्न नसते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्यास उभारलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र रांधू, जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी आपले दागिने वेचले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनेही वसतिगृहांच्या द्वारेच समाजाची पिढी घडविली. शिक्षणासाठी जे वसतिगृहाने केले, तेच मुलाचे प्राण वाचविण्यासाठी रुग्णालयाजवळची खोली करू शकते. आणि कर्मवीरांच्या वसतिगृहात जात विचारली गेली नाही, तशी या खोलीतही विचारली जाऊ नये.

उरलेल्या तीन दानांनाही येथे स्थान आहे. आहारदानात शहरातील शिधा येतो, तसा गावी मागे राहिलेल्या आजी-नातवंडांचा शिधाही येतो. औषधदानात रक्तदान येते. महावीर जयंतीस समाज रक्तदान शिबिरे भरवितो, हे भूषणावह आहे. परंतु या मुलांना वारंवार लागणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, साधारण पाच दिवसच टिकतात. एका दिवसाच्या शिबिराने वर्षाची गरज भागत नाही. हाक येताच जाणाऱ्या तरुणांची यादी जवळ असावी. शास्त्रदानात आजारी मुलाची चुकलेली शाळा येते, तसे लक्षणांचे ज्ञानही येते. न हटणारा ताप, वाढता फिकटपणा, कारणाविना उठणारे काळेनिळे डाग, गाठ, हाडांचे दुखणे, सकाळची डोकेदुखी व उलटी, डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक ही चिन्हे दिसताच मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, एवढे प्रत्येक पाठशाळेत व महिला मंडळात सांगता येईल.

एक दान मात्र पैशाविना देता येते. हा रोग संसर्गाने पसरत नाही, तरीही केस गेलेले मूल गावी परतले की काही घरांची दारे हळूच लागतात. कोणी आईला ऐकवितो, ‘पूर्वकर्माचे फळ.’ असातावेदनीय कर्माचे विवेचन माणसाने आपल्या परिणामांकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी नाही. निर्विचिकित्सा अंगाचा दृष्टांत असलेल्या उद्दायन राजाने व्याधिग्रस्त मुनींची वांती स्वतःच्या हाताने धुतली. त्यांच्या कर्माची चौकशी केली नाही.

आता व्यवहाराची गोष्ट. खोली बांधणे सोपे आणि चालविणे कठीण असते. कोनशिलेसाठी दाते मिळतात. वीज, पाणी, स्वच्छता, चादरी आणि व्यवस्थापकाचे वेतन यांसाठी मिळत नाहीत. म्हणून सुवर्णमहोत्सवी निधीतून नवी इमारत उभारण्याऐवजी जेथे असे कार्य विश्वासाने चालू आहे, तेथील काही खोल्यांचा वर्षभराचा खर्च उचलावा, आणि मुद्दल राखून व्याजातून तो दरवर्षी चालू ठेवावा. दुसरे असे, की महाबळेश्वर, वाई, सातारा, कराड, सांगली येथे प्रत्येकी एका कार्यकर्त्याने उपचारासाठी गेलेल्या कुटुंबांची नोंद ठेवावी : शासकीय योजनेचे कागद पूर्ण झाले का, तपासणीची तारीख कधी, मागे राहिलेले मूल शाळेत जाते का, रात्री ताप आला तर वाहन कोणाचे. तारीख चुकली तर त्याच दिवशी दूरध्वनी जावा, आणि गरज पडल्यास कोणी घरी जावे. या कामाला मोठी देणगी लागत नाही. एक वही आणि ती रोज उघडणारा माणूस लागतो.

संस्थेच्या पुढील अहवालात देणगीच्या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा छापला जावा : या वर्षी किती मुलांचे उपचार पूर्ण झाले. त्या स्तंभात प्रथम एकच अंक असला तरी पन्नास वर्षांच्या पुण्याईला तो शोभून दिसेल.

जय जिनेंद्र.