‘फ्री’ आहेस का?



मी आयटी क्षेत्रात सल्लागार म्हणून काम करतो. भाषेचा अभ्यासक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आज बोलणार आहे एका शब्दाबद्दल. तो आहे इंग्रजी, पण आपण सगळे मराठी बोलतानाही दिवसातून दहा वेळा वापरतो. तो शब्द म्हणजे ‘फ्री’. या शब्दाने मला एकदा कामात तोंडघशी पाडलं आणि एकदा घरी. कामातली गोष्ट आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाकडे एक सॉफ्टवेअर तुर्की भाषेत नेण्याचं काम होतं. ऑफिसातल्या बैठकीच्या खोल्या राखून ठेवण्याचं ते सॉफ्टवेअर. अशा कामात पडद्यावर दिसणारे सगळे इंग्रजी शब्द एका एक्सेलच्या तक्त्यात काढतात आणि भाषांतरकाराकडे पाठवतात. एखादा शब्द पाच ठिकाणी येत असेल, तर तो तक्त्यात एकदाच ठेवायचा, म्हणजे भाषांतराचे पैसे वाचतात, असं मी ठरवलं. एमबीएला खर्च वाचवायला शिकलो होतो, तो मी वाचवला.

‘फ्री’ हा शब्द त्या तक्त्यात एकटाच गेला. शेजारी ना वाक्य, ना चित्र. भाषांतरकाराने त्याच्यापुढे लिहिलं ‘युज्रेतसिझ’. ‘युज्रेत’ म्हणजे शुल्क आणि ‘सिझ’ म्हणजे विना. मोफत. दरपत्रकाच्या पानावर ते अगदी बरोबर बसलं. मग इस्तंबूलमधल्या आमच्या सहकारी बाईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, “तिसऱ्या मजल्यावरची खोली दहा ते अकरा फुकट आहे, असं दिसतंय. अकरानंतर किती पैसे पडतात?”

मी आधी हसलो. मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला नेमकं कुठलं फ्री हवंय?” आणि पुढचा अर्धा तास माझी शिकवणीच घेतली. ती शिकवणी आज तुमच्यापुढे ठेवतो.

पैसे पडत नाहीत ते ‘युज्रेतसिझ’. हा पाटीवरचा, सभ्य शब्द. बाजारात, घरात लोक म्हणतात ‘बेदावा’. हा शब्द मूळ फारसी, त्यात ‘बाद’ म्हणजे वारा आणि ‘हवा’ म्हणजे हवाच. वाऱ्याबरोबर आलेलं, म्हणून बिनपैशाचं. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘फुकट’ यांत जसा फरक आहे, तसाच काहीसा. सरकार पुस्तकं मोफत वाटतं, फुकट वाटत नाही.

जागा रिकामी असेल तर ‘बोश’. पार्किंगमध्ये, टॅक्सीला, बैठकीच्या खोलीला हाच शब्द. आम्हाला हवा होता तो हा. माणसाला सवड आहे का हे विचारायचं असेल, तर ‘म्युसाइत’. शेजारणीकडे जाण्याआधी तुर्की बाई विचारते, म्युसाइत आहेस का? म्हणजे तुला सोयीचं आहे ना, मी येऊ ना?

बंधन किंवा मनाई नसेल तर ‘सेरबेस्त’. मेर्सिन बंदराजवळचं करमुक्त व्यापारक्षेत्र ते सेरबेस्त. कुणाची नोकरी न करता स्वतंत्रपणे काम करणारा माणूसही सेरबेस्त. आणि फ्रीस्टाईल कुस्ती म्हणजे ‘सेरबेस्त ग्युरेश’. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र ‘फ्रीस्टाईल’ म्हणजे रस्त्यावरची मारामारी. तिथेही अर्थ तोच: नियम सुटले.

आणि शेवटचा, सगळ्यात मोठा अर्थ. स्वतंत्र. त्याला तुर्कीत जुना, अरबीतून आलेला शब्द आहे ‘ह्युर’. 1932 साली अतातुर्क यांनी तुर्की भाषा मंडळाची स्थापना केली. अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की धातूंवरून शब्द आणायची मोहीम सुरू झाली. त्या लाटेतला शब्द ‘ओझ्ग्युर’. ‘ओझ’ म्हणजे स्व. आपल्या ‘स्वतंत्र’मधला ‘स्व’ आठवला ना? आज तुर्कस्तानात ‘ओझ्ग्युर’ हे नाव मुलांना आवडीने ठेवतात. मुलाचं नाव कुणी ‘युज्रेतसिझ’ ठेवणार नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच शब्द.

आमच्या क्षेत्रात या एका शब्दाने चांगलाच घोळ घातला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1985 मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केलं. तेव्हापासून ते सांगत आले आहेत की इथे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, तर वापरायचं, बदलायचं, वाटायचं स्वातंत्र्य. इंग्रजीत हे दर वेळी समजावून सांगावं लागतं. तुर्कीत ‘ओझ्ग्युर याझिलिम’ म्हटलं की काम झालं, कारण ‘याझिलिम’ म्हणजे सॉफ्टवेअर आणि ओझ्ग्युर कधीच फुकट नसतं. मराठीतही ‘मुक्त’ म्हटलं की पुरे. ओरहान वेली या तुर्की कवीची ‘बेदावा’ नावाची कविता आहे. बेदावा काय मिळतं आणि स्वातंत्र्याची किंमत काय पडते, हे तो त्यात समोरासमोर मांडतो. ती कविता इंग्रजीत नेणाऱ्याची अडचण आता तुमच्या लक्षात येईल.

आमची चूक आम्ही निस्तरली. तक्त्यात ‘फ्री’च्या तीन ओळी केल्या आणि प्रत्येकीपुढे संदर्भाचा रकाना जोडला: किंमत, खोली, माणूस. वाचवलेले पैसे त्यात गेले, वर दोन आठवडे गेले.

आता घरातली गोष्ट.

माझी आई साताऱ्याला असते. मी नवीन नवीन इकडे आलो तेव्हा ती म्हणायची, “मोकळा झालास की फोन कर.” पुढे व्हॉट्सॲप आलं आणि माझं पाहून तीही लिहायला लागली, “फ्री आहेस का?” एका बुधवारी तिचा असाच निरोप आला. मी उत्तर पाठवलं, “चार ते सव्वाचार फ्री आहे.” बैठकीच्या खोलीसारखं. बरोबर चारला फोन लावला. ती पावसाबद्दल बोलली, शेजारच्यांच्या लग्नाबद्दल बोलली. चौदाव्या मिनिटाला म्हणाली, “बरं, ठेवते, तुझं काम असेल.”

दोन दिवसांनी बहिणीकडून कळलं की आईला गाठ आली होती आणि तपासणीला तुकडा पाठवला होता. तिला ते मला सांगायचं होतं. रिपोर्ट चांगला आला, देवाची कृपा. पण ते दोन दिवस तिने ते माझ्याशिवाय काढले, हे काही बदलत नाही.

मी ‘बोश’ होतो. खोली रिकामी होती, पंधरा मिनिटांसाठी. तिला हवा होता ‘मोकळा’ मुलगा.

नंतर इस्तंबूलच्या त्या बाईंना मी विचारलं, ‘मोकळा’ला तुर्कीत काय म्हणाल? मोकळी जागा, मोकळे केस, मोकळा वेळ, मोकळं मन, असं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, जागेला बोश चालेल, मनाला नको, ‘बोश मन’ म्हणजे पोकळ होईल. मग थोडं थांबून त्यांनी एक वाक्प्रचार दिला, ‘इचिनी द्योकमेक’. म्हणजे आपल्या आतलं ओतणं. मन मोकळं करणं. कुणी ओतायचं तर समोर भांडं धरायला कुणीतरी हवं, आणि त्याने घड्याळाकडे बघून चालत नाही.

श्रोतेहो, ‘फ्री’ शब्द टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. मीही आज दुपारी दोनदा वापरला आहे. फक्त या आठवड्यात घरी एक करून बघा. तो तोंडात आला की मुलांना विचारा, कुठलं फ्री? फुकट, रिकामं, सवड, मुक्त, की मोकळं? माझ्या मुलीने पहिल्या दिवशी सात वेळा पकडलं मला. आणि भारतातून कुणाचा ‘फ्री आहेस का’ असा निरोप आला, तर वेळ कळवण्याआधी विचारा, काही बोलायचंय का?

आई आता पुन्हा लिहिते, “मोकळा झालास की कर.” मी रविवारी सकाळी करतो. किती वाजेपर्यंत, ते सांगत नाही.