प्रोस्टेटचा दाह आणि भीतीचे झटके

डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भोपाळच्या दवाखान्यांत लोटलेल्या गर्दीत देहाच्या पीडेबरोबर मनाचीही पीडा होती. म्हणून १९८५ साली बंगलोरच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील तज्ज्ञांनी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांस मनोविकार ओळखण्याचे शिक्षण दिले. पुरुषांच्या एका दुखण्याबाबत मात्र तो धडा अद्याप पुरता गिरवला गेलेला नाही.

मूत्राशयाखालची अष्ठीला ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, जंतूंमुळे एकाएकी सुजली की थंडी वाजून ताप येतो, लघवीस जळजळ होते. लघवी अडली तर रुग्णालय तत्काळ गाठावे. परंतु महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या बहुतेक दुखण्यांत जंतू सापडतच नाहीत. १९९५ साली अमेरिकेत ठरलेल्या वर्गीकरणात त्यांना निराळा वर्ग दिला आहे. अशा रुग्णांत चिंता, औदासीन्य आणि भीतीचे झटके अधिक आढळतात. भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात, वेदना वाढते. वेदनेने कर्करोगाची वा पौरुषहानीची शंका बळावते. आणि मध्यरात्री छाती धडधडून आता प्राण जाणार असे वाटते. (प्रथमच असे झाल्यास हृदयाची तपासणी अर्थातच आधी.) भीती हे मूळ की फळ, हे नेहमी सांगता येत नाही, पण वेदना खोटी नव्हे.

लाजेपायी रुग्ण जाहिरातबाज वैदूंकडे वळतो, किंवा जंतू नसताही जंतुनाशक गोळ्या पुनःपुन्हा घेतो. त्यापेक्षा मूत्ररोगतज्ज्ञाच्या तपासणीनंतर स्नायू सैलावण्याचे व्यायाम आणि मनोविकारतज्ज्ञाचे उपचार जोडीने चालावेत. झटक्यांविषयी १४४१६ या शासकीय ‘टेली-मानस’ दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.