पेर लावालची रात्र आणि आपली वारी



आगमनाच्या या सोहळ्यात जहाज, गिरमिट, उसाची शेते, झाकरी आणि गोंधळ यांविषयी जाणकार बोलतीलच. आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवतो. आमचे काम मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्याचे. आजही एका नावाचा अर्थ सांगावा म्हणून उभ्या आहोत. ते नाव आपल्या भाषेतले नाही, आपल्या धर्मातलेही नाही, पण आपल्या अनेक घरांत ते घेतले जाते. ते नाव म्हणजे पेर लावाल.

एकदा चौथीच्या वर्गात आम्ही 'वारी' हा शब्द शिकवत होतो. एक मुलगी म्हणाली, "मिस, आजी पेर लावालला चालत जाते, तशी?" वर्ग हसला. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "ते आपले नाही, ते क्रेओलांचे." मुलीने मान खाली घातली. आम्ही धडा पुढे नेला. उत्तर दिले नाही.

उत्तर दिले नाही याचे कारण सांगायला हवे. आमच्या आईच्या देवघरात गणपती आणि विठोबाच्या शेजारी पेर लावालची छोटी तसबीर होती. आमचा भाऊ लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा शेजारच्या क्रेओल बाईने, जिला आम्ही तांतीन म्हणत असू, आईला धीर दिला. भाऊ बरा झाल्यावर दोघी मिळून रात्रभर चालत गेल्या. त्यानंतर आई दर सप्टेंबरात जात असे. पुढे आम्ही शिकलो, चार माणसांत वावरू लागलो. कोणीतरी म्हणाले, "मराठी शिक्षिकेच्या घरात हे शोभत नाही." आम्ही ती तसबीर काढून खणात ठेवली. आई काही बोलली नाही. त्या वर्षीही ती चालत गेली, पण आम्हांला न सांगता.

वर्गातल्या मुलीची खाली गेलेली मान पाहिली आणि आईचे ते न बोलणे आठवले. मग आम्ही आधी स्वतःच अर्थ शोधायला बसलो.

'पेर' म्हणजे बाप. पाद्रीला येथे मोन्पेर म्हणतात, तोच हा शब्द. झाक देझिरे लावाल 1803 साली फ्रान्समधील नॉर्मंडीत जन्मले. आधी ते डॉक्टर होते, नंतर पाद्री झाले. 1841 च्या सप्टेंबरात ते मॉरिशसला आले. येथे गुलामगिरी 1 फेब्रुवारी 1835 रोजी कायद्याने संपली होती, पण गुलामांना 1839 पर्यंत उमेदवारीच्या नावाखाली मालकाकडेच राबावे लागले. सुटका झालेल्या या माणसांना जमीन नव्हती, शाळा नव्हती, मान नव्हता. लावाल त्यांच्यात राहिले, त्यांची क्रेओल बोली शिकले आणि तिच्यातूनच त्यांना धर्म शिकवला. 9 सप्टेंबर 1864 रोजी ते वारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या लोकांनी जी शेते सोडली, त्याच शेतांत राबायला आपले पूर्वज आणले गेले. लावाल आपले पाद्री नव्हते, त्यांचे होते. तरी आपल्या आज्या तेथे गेल्या. एकाच कोठीच्या उसात ज्यांचे हात सोलले, त्यांना एकमेकांचे दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता त्या मेळाव्याचे नाव. 8 सप्टेंबरच्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पोर्ट लुईसजवळच्या सेंत-क्रुआला चालत निघतात. त्याला 'पेलेरिनाज' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील 'पेरेग्रिनुस' या शब्दातून आला. त्याचा मूळ अर्थ परदेशी, परका माणूस, शेते ओलांडून दुरून आलेला. बंधुभगिनींनो, हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसलो. शेते नव्हे, समुद्र ओलांडून आलेले आपण! आपली 'वारी' म्हणजे नेमाने पुन्हा पुन्हा केलेली फेरी. एका शब्दात परकेपण आहे, दुसऱ्यात पुन्हा येण्याचा नेम. परका माणूस नेमाने येत राहिला की ती जागा त्याची होते. आपले या बेटावर तसेच झाले.

'सेंत-क्रुआ' म्हणजे पवित्र क्रूस. क्रूस ही रोमन लोकांची शिक्षा, विशेषतः गुलामांना दिली जाणारी. म्हणजे ज्या देवाला ख्रिस्ती लोक मानतात, त्याला गुलामाचे मरण आले. मालकाच्या चाबकाखाली राहिलेल्या माणसाला ही खूण कशी दिसली असेल, याचा विचार करा.

तेथील समाधीवर लावाल यांची निजलेली मूर्ती आहे. लोक तिला हात लावतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. आपल्याला ते पायांवर डोके ठेवण्यासारखे वाटते. पण कॅथलिक लोक त्यांना देव मानत नाहीत. 'तुम्ही देवाजवळ आहात, आमच्यासाठी प्रार्थना करा' अशी त्यांची विनवणी असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 29 एप्रिल 1979 रोजी लावाल यांना 'धन्य' घोषित केले. मेणबत्तीचाही अर्थ साधा आहे. माणूस घरी परतला तरी ज्योत तेवत राहते, त्याची प्रार्थना मागे उभी असते.

मुंबईत वांद्र्याची मोतमाऊलीची जत्राही याच 8 सप्टेंबरच्या सुमारास, मरियेच्या जन्मदिवसानिमित्त भरते. तेथे ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदूही मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असतात. कोकणातून आलेल्या आपल्या बायकांना दुसऱ्याच्या देवळापुढे हात जोडणे नवे नव्हते.

सर्व धर्म एकच, असे आम्ही म्हणत नाही. चर्च ते चर्च, मंदिर ते मंदिर. आपल्या आरत्या, आपली भाषा आपणच सांभाळायची आहे. पण ती सांभाळताना आईची अर्धी श्रद्धा खणात लपवावी लागत असेल, तर आपण वारसा अर्धाच सांभाळला.

पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर 'वारी' आणि 'पेलेरिनाज' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले, दोन्हींचे अर्थ सांगितले. मग त्या मुलीला म्हणालो, "काल तू बरोबर बोलली होतीस. चूक मिसची झाली." मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "मिस, माझी आजी पण गेली असेल?" आम्ही म्हणालो, "घरी जाऊन विचार."

आपल्यालाही आमचे एवढेच सांगणे आहे. घरी ज्या आज्या आहेत, त्यांना विचारा. त्या कोणाबरोबर चालल्या, कशासाठी चालल्या, ते लिहून ठेवा. आमच्या आईला विचारायचे राहून गेले. तसबीर मात्र आता खणात नाही. देवघराशेजारच्या भिंतीवर, आईच्या फोटोखाली आहे.